कोपर्निकस, सुबाजी बापू आणि वज्रसूची

वर्षावासात आमच्या पाचोऱ्याच्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. २०२५ साली भाद्रपद पौर्णिमेला, ७ सप्टेंबरच्या रविवारी, वाचनाला नेहमीच्या निम्मीही माणसे आली नाहीत. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. दुपारीच वेध लागले म्हणून कित्येक घरांत चुली थंड होत्या. दोनच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेल्या एका घरातील सून सहा महिन्यांची गरोदर होती. सासूने तिला आतल्या खोलीत बसविले होते, हाती विळी किंवा सुई धरू नकोस म्हणून बजावले होते. ही हकीकत कळताच कॉलेजात शिकणारा एक तरुण मला म्हणाला, “गुरुजी, पृथ्वीची सावली चंद्रावर पडते हे त्या घरातल्या पाचवीच्या पोराला ठाऊक आहे. सूनबाई स्वतः बारावी पास आहे, तिलाही ठाऊक आहे. ठाऊक असून माणूस तसा वागत नाही, मग ज्ञानाचा उपयोग काय?”

मी त्याला तेव्हा काहीतरी उत्तर दिले. त्याने त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. प्रश्न मोठा आहे. सत्य डोक्याला पटते आणि तरीही हात, पाय, जीभ जुन्याच वाटेने चालतात, हे कसे घडते? आणि असे वागणाऱ्याला आपण ढोंगी म्हणावे काय? या प्रश्नाचा विचार करताना मला एक जुना माणूस आठवला. त्याचे नाव आपल्या बहुतेक वाचकांनी ऐकले नसेल. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी ज्याच्या मतावरून हा सारा वाद उठला, त्या कोपर्निकसची ओळख करून घेतली पाहिजे.

निकोलस कोपर्निकस १९ फेब्रुवारी १४७३ रोजी पोलंडातील तोरुन या गावी जन्मला. बाप व्यापारी. तो लवकर वारला आणि बिशप असलेल्या मामाने पोराला वाढविले, शिकविले. क्राकूव्ह, बोलोन्या, पादुआ अशा विद्यापीठांतून तो गणित, कायदा, वैद्यक शिकला आणि शेवटी ख्रिस्ती देवळाच्याच नोकरीत राहिला. त्या काळी सर्वांचा समज असा की पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे आणि सूर्य, चंद्र, ग्रह, तारे तिच्याभोवती फिरतात. कोपर्निकसने मांडले की सूर्य मध्यभागी धरावा. पृथ्वी स्वतःभोवती दिवसातून एकदा आणि सूर्याभोवती वर्षातून एकदा फिरते. सुमारे १५१४ साली त्याने हा विचार एका छोट्या टिपणात लिहून ओळखीच्यांना वाचायला दिला. मोठा ग्रंथ छापून निघाला तो १५४३ साली, न्यूरेंबर्गला. त्याच वर्षी २४ मे रोजी तो वारला. छापील प्रत मृत्यूच्या दिवशी त्याच्या हाती दिली गेली असे सांगतात.

जवळजवळ तीस वर्षे त्याने हे सत्य घरात का ठेवले? धर्मपीठाच्या भीतीने, असे आपण चटकन म्हणतो. त्याने स्वतः ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत लिहिले आहे ते वेगळे आहे. लोक हसतील, तुच्छ मानतील, ही त्याची भीती होती. ती अर्पणपत्रिका कोणाला आहे? खुद्द पोपला! माणूस भित्रा होता असे मी म्हणणार नाही. पण सावध होता खास. इथे मला नेहमी येवल्याची आठवण येते. १९३५ साली बाबासाहेबांनी आधी जगासमोर जाहीर केले की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि नंतर एकवीस वर्षे अभ्यास केला. तुलना जपून करावी हे खरे. एकाच्या पाठीशी आकडेमोड होती, दुसऱ्याच्या पाठीशी कोट्यवधी माणसे.

त्या ग्रंथाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसियांडर नावाच्या धर्मोपदेशकाने पुस्तकाला पुढे एक प्रस्तावना जोडली आणि खाली स्वतःचे नाव घातले नाही. वाचकाला वाटावे की ती कोपर्निकसचीच आहे. तिचा मथितार्थ एवढाच की पृथ्वी फिरते हे खरे असले पाहिजे असे नाही, ते संभाव्य असण्याचीही गरज नाही, गणित जुळावे म्हणून तसे मानून चालावे. १६०९ साली केप्लरने ही लबाडी ओसियांडरची आहे हे छापून उघड केले, तोवर कित्येकांनी तीच कोपर्निकसची भूमिका समजली. “आहे” या शब्दाच्या जागी “मानून चालू” हा शब्द घातला की केवढी सोय होते पाहा! पंचांग सुधारता येते आणि पोथीही शाबूत राहते. पुढे ब्रूनोला १६०० साली जिवंत जाळले, जरी त्याच्यावरचे आरोप मुख्यतः धर्ममतांचे होते. १६१६ साली कोपर्निकसच्या ग्रंथावर दुरुस्त होईपर्यंत म्हणून बंदी आली आणि १६३३ साली म्हाताऱ्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत मागे घ्यावे लागले. “मानून चालू” म्हणणाऱ्याला कोणी जाळले नाही, “आहे” म्हणणाऱ्यावर खटला झाला. बंदी असलेल्या पुस्तकांच्या यादीतून कोपर्निकसचे नाव गेले ते १८३५ साली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३६ साली, कोपर्निकसचे मत मराठीत मांडणारे एक पुस्तक छापून निघाले. त्याचे नाव ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ आणि लेखक सुबाजी बापू. हाच तो माणूस.

या पुस्तकाचे मूळ आपल्या खानदेशापर्यंत पोहोचते. पाचोऱ्याहून रेल्वेने चाळीसगावला जावे आणि तेथून सुमारे १८ किलोमीटरवर पाटणादेवीच्या डोंगरात जावे. तेथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात म्हटले आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी येथे मठ काढला; स्थानिक निकुंभ सरदारांनी १२०७ साली त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गावच्या बाजारातील मालावरचा कर मठाला द्यावा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असे त्यात आहे. ज्या तेल्याच्या घाण्याचे तेल मठाच्या दिव्यात जळत असेल, त्याच्या पोराला त्या दिव्याखाली बसून लीलावती शिकण्याची मुभा असणार नाही हे सांगायला शिलालेख नको. त्याहून खालच्यांची गोष्टच सोडा. त्याच डोंगराच्या अंगाला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, ती मठाच्या हजार वर्षांहून आधीची.

भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला. त्यातील गोलाध्यायात पुराणांच्या भूगोलाची त्यांनी खरपूस झडती घेतली आहे. पृथ्वी सपाट दिसते, कारण मोठ्या गोलाचा लहानसा भाग सपाटच दिसणार. पृथ्वीला खाली आधार आहे म्हणावे तर त्या आधाराला कोणाचा आधार? सोन्याच्या मेरूआड सूर्य जातो म्हणून रात्र होते म्हणता, तर मग मधे तो मेरू दिसत का नाही? असे एकेक प्रश्न ते टाकतात. मात्र त्यांची पृथ्वी गोल असली तरी स्थिर आहे. तिच्याही पूर्वी ४९९ साली आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले होते, ते मत पुढच्यांनी मानले नाही. आणि ग्रहणाचे काय? ग्रहण सावलीने होते हे भास्कराचार्यांना पक्के ठाऊक. गणित सारे सावलीचे. तरी शेवटी राहू ब्रह्मदेवाच्या वराने त्या सावलीत शिरतो, अशी तडजोड त्यांनी श्रुती-पुराणांशी करून टाकली. ओसियांडरच्या चारशे वर्षे आधी ही आपल्याकडची “मानून चालू”!

आपण बौद्धांनी येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. भास्कराचार्यांनी ज्यांचे खंडन केले त्यांत बौद्धही आहेत. पृथ्वी अवकाशात सतत खाली पडत आहे असे बौद्धांचे मत म्हणून ते सांगतात आणि खोडून काढतात. आपल्या जुन्या ग्रंथांतही मेरू पर्वत आहे, त्याच्या चार दिशांना चार द्वीपे आहेत. तो भूगोल चूक आहे. पुराणात असला की थोतांड आणि पिटकात असला की रूपक, हा न्याय बरोबर नाही. फरक आहे तो दुसरीकडे. जग शाश्वत की अशाश्वत, अंत असलेले की अनंत, हे प्रश्न मालुंक्यपुत्ताने भगवंतांना विचारले तेव्हा भगवंतांनी उत्तर दिले नाही. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण मारणाऱ्याची जात आणि गाव विचारीत बसू नये, असे सांगितले. धम्माची इमारत मेरूच्या पायावर उभी नाही, म्हणून मेरू काढून घेतला तर धम्म ढासळत नाही. जेथे वर्णव्यवस्थाच विराट पुरुषाच्या तोंडातून आणि पायातून निघाली आहे, तेथे विश्वाच्या कथेला हात लावणे म्हणजे घराच्या पायालाच हात लावणे आहे.

आता सुबाजी बापूंकडे येऊ. भोपाळ दरबारी लान्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याचे ठाणे सिहोरला. तेथील शाळेकडे त्याचे लक्ष असे. त्याची युक्ती अशी होती की पंडितांना एकदम युरोपचे ज्योतिष शिकवायचे नाही. त्यांच्याच सिद्धांतग्रंथांतून पुराणांचा भूगोल खोडायचा आणि त्या पायरीवरून त्यांना कोपर्निकसकडे न्यायचे. सुबाजी बापू हे त्याचे पंडित. १८३४ साली विल्किन्सनने लिहून ठेवले आहे की हा उलगडा झाल्यावर, आपले आयुष्य पोकळ कल्पनांचे समर्थन करण्यात गेले याचे सुबाजीला दुःख झाले आणि सिद्धांतांचे ज्ञान बुडवणाऱ्या पूर्वजांचा त्याला संताप आला. मग त्याने पुराणांचे मत, सिद्धांतांचे मत आणि कोपर्निकसचे मत यांची तुलना करणारे ते मराठी पुस्तक लिहिले. पुण्याच्या यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणे आणि ज्योतिष यांत विरोधच नाही असे प्रतिपादन केले, तेव्हा सुबाजीने त्यालाही प्रत्युत्तर दिले. शास्त्र्यांच्या त्या जगात, १८३६-३७ साली, असे उभे राहणे सोपे नव्हते. या धैर्याबद्दल त्याला मान दिलाच पाहिजे.

पण पुढे ऐका. ब्रायन हॉजसन या इंग्रजाला नेपाळात १८२९ च्या सुमारास ‘वज्रसूची’ नावाचा संस्कृत ग्रंथ मिळाला. तो अश्वघोषाच्या नावावर आहे. चिनी भाषांतरात तो धर्मकीर्तीच्या नावावर आहे. कर्ता कोणीही असो, ग्रंथ जातिभेदावर घातलेला घण आहे. ब्राह्मण म्हणजे कोण, असा तो विचारतो. जीव ब्राह्मण की देह? जन्म की ज्ञान? आचार की कर्म? एकेक घेऊन तो निकालात काढतो, आणि तेही प्रतिपक्षाच्याच वेद, स्मृती, महाभारत यांच्या आधाराने. व्यासांची आई कोळीण, मग ते ब्राह्मण कसे? हत्तीचा आणि घोड्याचा पाय वेगळा उमटतो, ब्राह्मणाचा आणि क्षत्रियाचा वेगळा उमटतो काय? फणसाला बुंध्याशी आणि फांदीला फळे धरतात, त्यांतले एक उच्च आणि एक नीच म्हणता येईल काय? वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी गवत, किडे, मासे, पाखरे यांच्या जाती त्यांच्या अंगावर दिसतात, माणसांत तशी खूण नाही, असे जे सांगितले आहे, त्याच मुशीतला हा युक्तिवाद आहे.

विल्किन्सनने १८३९ साली ‘वज्रसूची’ छापली. तिच्यासोबत त्याच पुस्तकात तिला दिलेले उत्तर छापलेले आहे. त्याचे नाव ‘टंक’. उत्तर देणारा कोण? सुबाजी बापू!

दोन्ही ठिकाणी शस्त्र एकच होते, हे ध्यानात घ्या. भास्कराचार्यांनी पुराणिकाला विचारले, मेरू आहे तर दिसत का नाही? वज्रसूचीकाराने विचारले, जात आहे तर अंगावर दिसत का नाही? पहिला प्रश्न सुबाजीने डोक्यावर घेतला. दुसऱ्या प्रश्नापुढे त्याने जन्मसिद्ध वर्णाची बाजू घेऊन लेखणी उचलली. पृथ्वी जागची हलली तरी त्याला चालली; ब्राह्मण जागचा हललेला चालला नाही.

असे का झाले? बुद्धी कमी पडली म्हणावे तर बुद्धी त्याने आधीच दाखवली होती. ढोंग म्हणावे तर ढोंगी माणूस पुण्याच्या शास्त्र्यांशी वैर कशाला घेईल? मला वाटते, सत्य स्वीकारण्याची किंमत कोणी मोजायची, यावर सारे अवलंबून असते. पृथ्वी सूर्याभोवती फिरली म्हणून सुबाजीच्या पंगतीतला पाट हलत नव्हता, दक्षिणा कमी होत नव्हती, मुलीचे लग्न अडत नव्हते. जात खोटी ठरली असती तर हे सारेच हलले असते. रोमला मात्र पृथ्वीची गतीच महाग पडणार होती, कारण तिथे ग्रंथाच्या अर्थावर सत्ता उभी होती. म्हणून तिथे खटला आकाशावरून झाला. म्हणजे एखाद्या सत्याला विरोध होतो तो पुरावा कच्चा असतो म्हणून नव्हे. ते कोणाचे आसन काढून घेते, यावरून विरोध कोठून येणार हे ठरते.

इथपर्यंत माझ्या तरुण मित्राला पटेल. पण एवढ्यावर थांबलो तर त्याच्या प्रश्नावर अन्याय होईल. कारण तो ज्या सूनबाईविषयी विचारीत होता, तिचे कोणते आसन जाणार होते? ग्रहण पाळून तिला काय मिळते? उपास, काळोख आणि धास्ती. पुरोहिताचा फायदा असेल, तिचा नाही. मग ज्ञान असून ती का बसली?

मी स्वतःच्या घरातले सांगतो. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण होते. इकडे ते खंडग्रास होते. मी बारा वर्षांचा. वडील पक्के बौद्ध, घरात बाबासाहेबांची तसबीर, देव्हारा केव्हाच नदीत गेलेला. त्या दिवशी आईने आम्हा भावंडांना घरात कोंडले आणि वडील काही बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी मी आईला विचारले. ती म्हणाली, “तुझ्या धाकट्या मावशीला ओठ फाटलेलं लेकरू झालं. सासरच्यांनी एकच धोशा लावला, ग्रहणात चिरलंस म्हणून झालं. तिला माहेरी आणून सोडली. तुमचं शास्त्र तिला घ्यायला आलं नाही.”

यातच उत्तर आहे असे मला वाटते. सुबाजीला सत्य नाकारल्याने काही मिळत होते. माझ्या आईला सत्य पाळल्याने काही गमवावे लागले असते, आणि तेही एकटीला. गरोदरपणात काही बरेवाईट झाले तर गावाचे बोट बाईकडे जाते. कारण पोषणाचे असो, रोगाचे असो, की कोणालाच न कळणारे असो. ग्रहण पाळणे म्हणजे तिने आळ येऊ नये म्हणून भरलेला विमा आहे. तेव्हा दोघांनाही “ठाऊक असून वागत नाहीत” या एकाच दावणीला बांधणे मला न्यायाचे वाटत नाही. एकाला जाब विचारावा. दुसरीच्या डोक्यावरचा भार उतरवावा, आणि तो तिने नव्हे, घरातल्या इतरांनी उतरवावा. नवऱ्याने आणि सासूने आधीच चारचौघांत सांगितले पाहिजे की काहीही झाले तरी ग्रहणाचे नाव या घरात निघणार नाही. हे सांगितल्यावाचून तिला भूगोल शिकवणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने शौर्य करणे होय.

पिटकात प्रज्ञा तीन प्रकारची सांगितली आहे: ऐकून आलेली, विचार करून आलेली आणि अभ्यासाने अंगी बाणलेली. पाचवीच्या पोराची पहिली आहे. सुबाजीची आकाशाच्या बाबतीत दुसरी होती, माणसाच्या बाबतीत तीही नव्हती. तिसरी एकट्याने होत असेल, नाही असे नाही. पण संघ कशासाठी असतो, याचा विचार या बाजूने आपण फारसा केलेला नाही. ओसियांडरसारखे “मानून चालू” म्हणणारे आपल्यातही आहेत. जनगणनेच्या कागदावर बौद्ध, लग्नाच्या वेळी पत्रिका आणि मुहूर्त. त्यांच्याशी मी भांडतो. पण भांडण घरातल्या कर्त्या पुरुषाशी करतो.

त्या रात्री अकराला चंद्र पूर्ण झाकला आणि तांब्याच्या भांड्यासारखा लाल झाला. आम्ही सातआठ जण विहाराच्या गच्चीवर होतो. साडेअकराला त्या सूनबाईची सासू नातवाचा हात धरून वर आली. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “सावली पडली तर काळा व्हायला पाहिजे, लाल कसा?” आमच्यापैकी तिघांना उत्तर देता येईना. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून गेलेला सूर्याचा तांबडा उजेड सावलीत पोहोचतो, हे कॉलेजच्या त्या तरुणाने सांगितले. म्हातारीने ते दोनदा सांगायला लावले. सून खालीच होती. तिला वर आणा असे कोणी म्हटले नाही, मीही म्हटले नाही.

पुढच्या रविवारी सासू वाचनाला आली, तेव्हा वरची विम्याची गोष्ट मी तिला सांगितली. ती ऐकून म्हणाली, “मग हे माझ्या लेकाला सांगा, माझ्या देखत.” तसे सांगितले आहे. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आपल्याकडून दिसणारे खग्रास चंद्रग्रहण आहे. त्या रात्री गच्चीवर सतरंज्या टाकायच्या, जेवण सगळ्यांनी तिथेच करायचे आणि भाजी चिरायला पुरुषांनी बसायचे, असे आमच्या विहारात ठरले आहे.